सरोगसी की दत्तक? आधी वय मोजा

२०२१ च्या भारतीय कायद्यानुसार सरोगसीसाठी पत्नी २३ ते ५०, पती २६ ते ५५ वर्षांचा हवा. शिवाय वैद्यकीय गरजेचं प्रमाणपत्र. सरोगेट, म्हणजे दुसऱ्या जोडप्याचं मूल पोटात वाढवणारी स्त्री, विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची. तिला मोबदला देता येत नाही, फक्त वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

दत्तकासाठी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी, मग गृहभेट. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ पेक्षा जास्त नको. मुलाची माहिती आली की ४८ तासांत होकार. दवाखान्यातून परस्पर मूल घेऊ नका, तो गुन्हा आहे.

आणि क्रम बघा: आधी दत्तक घेतलंत तर सरोगसीचं दार सहसा बंद होतं.