आबांच्या हत्यारपेटीचं कुलूप

उद्यमबागेत टर्नर म्हणून राबलेल्या आबांची पत्र्याची हत्यारपेटी माझ्याकडे आली ती किल्लीविना. बेळगावच्या पावसानं कुलूप गंजून बसलेलं. लगेच तोडू नका. कुलपात तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवा. माझं तरीही हललं नाही, मग कुलूप धरणाऱ्या रिव्हेटची डोकी कानशीनं घासून पंचानं आत ठोकली.

खडे बाजारातून कॅम लॉक आणलं, म्हणजे किल्ली फिरवली की मागची पट्टी फिरून कडेला अडकते ते कुलूप. जाताना तीन मापं न्या: भोकाचा व्यास, पत्र्याची जाडी आणि भोकाच्या मध्यापासून पट्टी अडकते त्या कडेपर्यंतचं अंतर. मी शेवटचं विसरलो, दोन खेपा झाल्या की ओ!

जुनं भोक १६ मिमी, नव्या कुलपाचं नळकांडं १९. ड्रिल नको, पातळ पत्रा बिटात अडकून गरकन फिरतो नि हात कापतो. नळकांड्याच्या दोन बाजू सपाट, त्यांच्यातलं अंतर १६च. म्हणून गोल कानशीनं फक्त वर-खाली घासा, बाजूंना हात लावू नका. सरसकट गोल केलंत तर किल्लीबरोबर अख्खं कुलूप फिरेल.

पट्टी लांब पडली तर हॅक्सॉनं कापा. किल्लीला तेलाऐवजी पेन्सिलीचं शिसं घासा. तेलाला धूळ चिकटते. आणि झाकण लावण्याआधी, उघडं असतानाच, किल्ली फिरवून बघा.