स्किन चेकला डॉक्टरऐवजी पीए आला तर

बाबांना फोनवर सांगितलं की आज अंगावरचे तीळ दाखवून आले, पीएनी तपासलं, तर पलीकडून दोन सेकंद काहीच नाही आणि मग, "पीएनी? म्हणजे साहेब भेटलेच नाहीत का?" बाबांची सगळी नोकरी सरकारी खात्यात गेली, त्यामुळे पीए म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर मंत्र्याच्या केबिनबाहेर फाईल धरून उभा असलेला सफारीवालाच येतो. मी हसले, पण मला तरी पहिल्यांदा कुठे काय माहीत होतं. पांढरा कोट, गळ्यात बिल्ला, मी आपली अर्धा तास "डॉक्टर, डॉक्टर" करत होते आणि शेवटी तिनेच सांगितलं की अहो मी डॉक्टर नाही, फिजिशियन असिस्टंट आहे. घरी येऊन जरा चिडचिड झाली की स्पेशालिस्टचा कोपे (इन्शुरन्स असूनही दर भेटीला आपल्या खिशातून जाणारे पैसे) घेतला आणि भेटवलं कुणाला. आता चारपाच वर्षं पीएकडेच जातेय, मधून मधून डॉक्टरकडे, आणि अमेरिकेत नवीन आलेल्या मैत्रिणी सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हा प्राणी कोण ते. १९६५ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. यूजीन स्टेड यांनी हा कोर्स सुरू केला, पहिल्या बॅचमध्ये नेव्हीत मेडिकलचं काम केलेले चार जण होते. डॉक्टर कमी पडत होते आणि ही अनुभवी माणसं हाताशी होती, एवढं साधं गणित. आज पीए म्हणजे कॉलेजनंतर साधारण सव्वादोन वर्षांची मास्टर्स, त्यात २००० च्या आसपास तास प्रत्यक्ष पेशंट बघणं, मग देशपातळीवरची परीक्षा, आणि नंतर दर दोन वर्षांत १०० तास शिकत राहायचं. डर्मॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे त्वचेच्या डॉक्टरचं, म्हणाल तर चार वर्षं मेडिकल स्कूल, एक वर्ष इंटर्नशिप आणि तीन वर्षं फक्त स्किन. म्हणजे पीए त्वचेचं जे काही शिकते ते बहुतेक नोकरीत, कुणाच्या तरी हाताखाली शिकते. दहा वर्षं चांगल्या डॉक्टरबरोबर काढलेली पीए आणि सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या खात्यातून आलेली पीए, दोघींच्या बिल्ल्यावर अक्षरं तीच. आणि हो, आत बोलावून बीपी घेते ती पीए नव्हे, ती मेडिकल असिस्टंट.

मग अपॉइंटमेंट घेताना काय करायचं? फोनवर "प्रोव्हायडर" हा शब्द आला की कान टवकारा. हा गुळगुळीत शब्द आहे, त्यात डॉक्टर, पीए, नर्स प्रॅक्टिशनर (जास्तीचं शिकून स्वतः पेशंट तपासणारी नर्स) सगळे मावतात. सरळ विचारा, मला बघणार ती व्यक्ती एमडी, म्हणजे डॉक्टर, आहे की पीए. उद्धटपणा अजिबात नाही, त्यांना सवय असते. पीए असेल तर पुढचे प्रश्न: स्किनमध्ये किती वर्षं काम करतेय, डर्मॅटोस्कोप वापरते का (तीळ मोठा करून दाखवणारं, उजेड असलेलं हातातलं भिंग, याच्याशिवाय स्किन चेक म्हणजे चष्मा विसरून पेपर वाचणं), त्या दिवशी डॉक्टर त्याच ऑफिसात असणार का, आणि शंका आली तर ते येऊन बघतील का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कायदा राज्यागणिक वेगळा आहे, बऱ्याच ठिकाणी डॉक्टर तिथे हजर असायलाच हवा असं नाही, म्हणून विचारून घ्यायचं.

तर पीएकडे जावं का? माझं मत, साध्या तपासणीला बिनधास्त जा. डॉक्टरची तारीख तीन महिन्यांनी आणि पीएची पुढच्या मंगळवारी असेल, आणि तुमच्या पायावरचा तीळ बदलतोय, तर मंगळवारीच जा, तीन महिने घरी बसून तिळाकडे बघत राहण्यात काय शहाणपण आहे. पण फरक अजिबातच नाही असं कुणी सांगितलं तर तेही खरं नाही. पिट्सबर्गच्या एका मोठ्या हेल्थ सिस्टिममधला अभ्यास २०१८ मध्ये जामा डर्मॅटॉलॉजी या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, २०,२७० पेशंट, ३३,६४७ तपासण्या. त्यात एक मेलॅनोमा (तिळासारखा दिसणारा धोक्याचा स्किन कॅन्सर) सापडायला डॉक्टरांना सरासरी २५.४ बायॉप्स्या (कातडीचा तुकडा काढून तपासणं) लागल्या आणि पीएंना ३९.४, म्हणजे पीए जास्त कापतात. आणि अगदी सुरुवातीचा, वरच्या थरातला मेलॅनोमा डॉक्टरांकडे १.८ टक्के तपासण्यांत सापडला, पीएंकडे १.१ टक्क्यांत. आत शिरलेल्या मेलॅनोमात मात्र तसा फरक दिसला नाही. अर्थात त्यातले बहुतेक पेशंट गोरे होते, आणि आपली अडचण तिथेच सुरू होते.

आपल्या कातडीवर स्किन कॅन्सर गोऱ्यांच्या मानाने खूपच कमी, हे खरं. पण जेव्हा होतो तेव्हा तो बऱ्याचदा भलत्याच जागी होतो, जिथे ऊन फारसं लागतच नाही. तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्लेचं तसंच झालं, १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याचं दुखणं फुटबॉलची दुखापत समजलं गेलं, निघाला मेलॅनोमा, १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला. आता गंमत अशी की रोज गोरी पाठ आणि गोरे खांदे तपासणारी व्यक्ती, मग ती पीए असो की एमडी, सवयीने पाठ आणि खांदेच बघते. माझ्या पहिल्या चेकला त्या बाईने पाठ बघितली, हात बघितले, आणि "ऑल गुड" म्हणून निघाली, मोजे तसेच पायात! मी पण बावळट, काही बोलले नाही. आता मी आत जाऊन बसल्याबरोबर मोजे काढते, आणि स्वतःच सांगते की तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं, डोक्याची कातडी, कानामागे आणि तोंडात आतून बघायचंय.

यासाठी तयारी घरूनच. हातापायाचं नेलपॉलिश काढा, जेलवालं असेल तर आठवडाभर आधीच आठवण ठेवा. लग्नाहून आल्या आल्या अपॉइंटमेंट नको, तळहातावर मेंदी असली तर खाली काय आहे कुणाला दिसणार. केसांना तेल चोपडून जाऊ नका, मेकअप नको. मंगळसूत्र, अंगठ्या, जोडवी काढायला सोपी असतील असं बघा, त्याखालची कातडी पण बघायची असते. जो तीळ खटकतोय त्याचा फोटो आधीच काढून ठेवा, शेजारी पट्टी किंवा क्वार्टरचं नाणं ठेवून, महिन्या दोन महिन्यांनी परत तसाच. पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा मोठा, दोन्ही अर्धे सारखे न दिसणारा, कडा वेडीवाकडी, रंग दोनतीन, आणि मुख्य म्हणजे बदलत चाललेला, असा कुठला असेल तर त्याच्यावर पहिलं बोट ठेवायचं, गप्पा नंतर. नखावर उभी काळी रेघ आपल्यात बऱ्याच जणांना असते, सगळ्या बोटांवर फिकट असेल तर घाबरू नका, पण एकाच बोटावर नवीन आली, रुंद होतेय, नखाच्या कडेच्या कातडीवर पण काळं उतरलंय, तर मग डॉक्टरच हवा, पीएला तसं सांगा.

आता आईची गोष्ट. आई सहा महिन्यांसाठी आली होती आणि तिच्या कमरेवर परकराच्या नाडीचा पट्टा, काळा, जाड, खरखरीत, आणि उजव्या बाजूला थोडं सोललेलं. ती म्हणणार "अगं चाळीस वर्षं आहे ते, त्यात काय." मला कुठेतरी वाचलेलं आठवलं, टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरवर लिहून ठेवलंय, आणि पुढे साडीवाल्या बायकांमध्ये पण तसंच दिसलं. क्वचित होतं, पण वर्षानुवर्षं घासून तिथे न भरणारी जखम झाली तर ती दाखवायची असते. भारतात असती तर दुसऱ्या दिवशी स्किनवाल्याकडे नेऊन आणली असती, इथे पीएची तारीख मिळाली. त्या पीएला परकर म्हणजे काय, नाडी कशी बांधतात इथपासून सांगावं लागलं, मी माझ्या कुर्त्यावर ओढणी बांधून दाखवली! पण तिने नीट ऐकलं, भिंग लावून दोन्ही बाजू बघितल्या, फोटो काढला आणि बाहेर जाऊन डॉक्टरला घेऊन आली. दोघांनी बघितलं, घासल्याचंच आहे, चार आठवडे नाडी सैल, जागा बदलून, भरलं नाही तर बायॉप्सी. भरलं. स्वतःला माहीत नसेल तिथे ज्या पीएला "थांबा विचारून येते" म्हणता येतं ती पीए धरून ठेवायची, माझा निकष आता हाच. (पाहुण्या आईबाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स असल्या रुटीन तपासणीला सहसा पैसे देत नाही, आधी कॅशचा रेट विचारून घ्या.)

अजून एक आपलंच खास. गालावर, मानेवर बारीक काळे उंचवटे, चामखिळी, हे निरुपद्रवी असतात आणि कुणीतरी उत्साहात म्हणतं की लगेच फ्रीझ करून टाकू का, लिक्विड नायट्रोजन मारू. थांबा! सावळ्या कातडीवर त्या गोठवण्याने पांढरा डाग राहू शकतो आणि तो तिळापेक्षा जास्त दिसतो. विचारा की माझ्या रंगाच्या कातडीवर तुम्ही हे किती वेळा केलंय. टाके, कान टोचणं यांनी पूर्वी व्रण फुगला असेल, म्हणजे केलॉइड, तर तेही आधीच सांगा. आणि निव्वळ दिसायला बरं म्हणून काढलं तर इन्शुरन्स हात वर करतो.

बायॉप्सी म्हणाले तर घाबरायचं नाही पण चार गोष्टी विचारायच्या. नक्की काय शंका आहे, वरून खरवडणार की गोल छिद्र पाडून घेणार, डॉक्टरने हा तीळ बघितला का, आणि तुकडा कोण वाचणार, डर्मॅटोपॅथॉलॉजिस्ट (कातडीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासणारा खास डॉक्टर) ना. वर सांगितलेले आकडे लक्षात ठेवून मी तर म्हणते, घाई नसेल तर "कापायच्या आधी डॉक्टरला दाखवता का" एवढं विचाराच. सुईचं तेवढं टोचतं, नंतर व्हॅसलिन आणि पट्टी, हळद नको लावू, प्लीज. रिपोर्ट आठवडा दोन आठवड्यात त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर येतो, कधी कधी त्यांचा फोन यायच्या आधीच, रात्री अकरा वाजता उघडून गूगल करत बसू नका, सकाळी फोन करा.

थेट डॉक्टरच मागायचा कधी? आधी मेलॅनोमा झालाय, आई-वडील-भावंडांत आहे, किडनी वगैरे ट्रान्सप्लांट होऊन प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, जुन्या भाजल्याच्या व्रणावर जखम झालीय जी भरत नाही, किंवा पीएकडे दोनदा जाऊन मलम बदललं तरी तेच. रिसेप्शनवर म्हणायचं, "पुढची व्हिजिट एमडीबरोबर हवी," कारण सांगत बसायचं नाही. नाही म्हणाले तर दुसरं ऑफिस.

पैशाचं थोडक्यात. पीए म्हणून कोपे कमी होईल ही आशा सोडा, बहुतेक ठिकाणी स्पेशालिस्टचाच लागतो. स्किन चेक फुकटच्या प्रिव्हेंटिव्ह तपासण्यांमध्ये धरून चालू नका, कारण काही तक्रार नसलेल्यांना सरसकट तपासून फायदा होतो की नाही याला पुरेसा पुरावा नाही असं सरकारी टास्क फोर्सने २०२३ मध्ये पण म्हटलंय, मग बिल डिडक्टिबलमध्ये जातं, म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी आपणच भरायच्या रकमेत. पॅथॉलॉजीचं बिल वेगळं येतं, ते बघून दचकू नका. आईवडील मेडिकेअरवर (म्हाताऱ्या माणसांचा इथला सरकारी इन्शुरन्स) असतील तर अजून एक, मेडिकेअर पीएला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं, पण डॉक्टरच्या देखरेखीखालचं काम म्हणून डॉक्टरच्या नावाने बिल गेलं तर पूर्ण १००, त्यामुळे कधी न भेटलेल्या डॉक्टरचं नाव कागदावर दिसू शकतं. नवीन पेशंट किंवा नवीन तक्रार असेल तर ते नियमात बसत नाही, तेव्हा तसं नाव दिसलं तर बिलिंगला फोन करून विचारा.

बाबा पुढच्या महिन्यात येतायत, टकलावर एक खपली आहे जी दोन महिने जात नाहीये. तारीख घेऊन ठेवलीय, त्याच पीएकडे. पीए म्हणजे कोण ते त्यांना विमानतळावरून घरी येताना सांगेन, आधी सांगितलं तर शिफारसपत्र घेऊन येतील.