मानसोपचाराच्या ओपीडीतला डेटा: न आलेल्या रुग्णाचं काय करायचं?

स्टॅटिस्टिक्स किंवा एमएसडब्ल्यू करून मानसिक आरोग्याच्या डेटाच्या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली मला हमखास विचारतात, आधी पायथन शिकू की पॉवर बीआय? आधी ओपीडीचं रजिस्टर वाचायला शिका, असं मी सांगते आणि समोरच्याचा चेहरा पडतो. पडू दे. शिवाजी विद्यापीठातून स्टॅटिस्टिक्स करून मीही याच भ्रमात होते की डेटा म्हणजे एक्सेलमध्ये येऊन पडलेली वस्तू. आता एका संस्थेत कंत्राटावर आहे. संस्था कोल्हापूर जिल्ह्यातल्या मानसोपचार सेवांना नोंदी आणि पाठपुराव्यात मदत करते. दर अकरा महिन्यांनी कंत्राट वाढेल का या काळजीत असते, घरी अजूनही कुणाला नीट कळलेलं नाही मी काय करते, आणि तरी हे काम सोडावंसं वाटत नाही. त्यामुळे खाली जे लिहितेय ते पोहोचलेल्या माणसाचं ज्ञान समजू नका.

पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, स्कोअर जितका जास्त तितका त्रास जास्त) काय असतं, एफ-कोड (मानसिक आजारांच्या निदानाचे कोड) कसे लावतात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही सरकारी योजना म्हणजे काय, हे तुम्हाला ढोबळ माहीत आहे असं धरते.

एक गोष्ट सुरुवातीलाच मोडून काढते. नवीन माणूस पहिल्याच प्रेझेंटेशनमध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला मानसिक आजार असलेल्यांचा १०.६ टक्के हा आकडा घेतो, त्याला जिल्ह्याच्या लोकसंख्येनं गुणतो आणि ‘कोल्हापुरात इतके लाख रुग्ण’ अशी स्लाइड करतो. ते २०१५-१६ चं सर्वेक्षण बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं बारा राज्यांत केलं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. शिवाय तो आकडा अठरा वर्षांवरच्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेतल्या ३८ लाख ७६ हजारांत पाळण्यातली पोरंही धरली आहेत. आणि एवढा गुणाकार बरोबर आला असता तरी त्यातून गरजेचा अंदाज मिळतो. आपल्या ओपीडीत मिळणारे उपचार चांगले आहेत की नाहीत, हे त्यातून काडीचंही कळत नाही. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये गुणवत्तेचे रचना, प्रक्रिया आणि परिणाम असे तीन भाग मांडले. आपल्याकडचे मासिक अहवाल बहुतेक परिणामापर्यंत पोहोचतच नाहीत, मोजणीतच अडकतात: किती शिबिरं, किती प्रशिक्षणं, किती नवे रुग्ण.

आता तो सापळा, ज्यानं मला सगळ्यात जास्त फिरवलं. त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, सोसा.

रजिस्टरमध्ये एक ओळ दिसते. ती ओळ म्हणजे एक माणूस नव्हे. ती एक भेट असते, आणि ती भेटही कधीकधी रुग्णाची नसते. मानसोपचारात नातेवाईक गोळ्या न्यायला येतात, हे तुम्ही ओपीडीत तासभर उभे राहिलात तरी दिसेल. आई रोजगार बुडवून येते, मुलगा घरी झोपलेला असतो. पुतण्या येतो आणि खिडकीवर केसपेपर स्वतःच्याच नावानं काढतो. कॉम्प्युटरमध्ये मग एका धडधाकट सव्वीस वर्षांच्या पोराला स्किझोफ्रेनिया चिकटतो आणि त्याच्या चुलत्याचा उपचार ‘बंद’ दिसतो. त्यात नावांचा घोळ. कोल्हापुरात आडनाव पाटील असल्यानं माणूस ओळखू येत नाही. सुनिता आणि सुनीता एकच असू शकतात, एकाच बाईचं नाव एकदा माहेरचं आणि एकदा सासरचं असू शकतं, वय ३५ किंवा ४० असं गोल केलेलं असतं, आणि अख्ख्या घराचा मोबाइल नंबर एकच. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, आणि वयात तीन वर्षांची सूट, एवढ्यावर जुळवणी करा, आणि शेवटी चालू गोळ्या बघा. माणूस नाव बदलून आला तरी लिथियमचा (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचा) डोस सहसा तोच असतो.

हे जुळवल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. ठरलेल्या तारखेला रुग्ण आला नाही. अहवालात त्याला ‘फॉलोअप तुटला’ म्हणतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. पण न येण्याची कारणं कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय कळत नाहीत. चंदगडचा माणूस बेळगावला दाखवायला लागला असेल, कारण ते त्याला कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ. शिरोळचा मिरजेला गेला असेल. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याच गोळ्या मिळाल्या असतील. उलट कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीकडचे लोक आपल्याकडे येतात, त्यांचा शोध आपल्या आशाताईंना लागणार नाही. गळीत हंगामात ऊस तोडायला बीडहून आलेली टोळी मार्च-एप्रिलमध्ये परत जाते, म्हणून एप्रिलचा आलेख कोसळतो, आणि साहेब विचारतात की डॉक्टर रजेवर होते का. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की रस्ते बंद, २०१९ आणि २०२१ चे आकडे तर वेगळेच ठेवावे लागतात. कुणी बरं वाटलं म्हणून थांबलं, कुणाचं वजन वाढलं म्हणून, कुणाला देवऋषानं गोळ्या सोडायला लावल्या. कुणी वारलं.

यातलं प्रत्येक कारण गुणवत्तेबद्दल वेगळं काहीतरी सांगतं. सगळी एका रकान्यात टाकली की काहीच सांगत नाहीत.

म्हणून माझी पद्धत अशी. पुढची अपॉइंटमेंट कधी दिली यावर जाऊ नका, गोळ्या किती दिवसांच्या दिल्या ते बघा. तीस दिवसांच्या गोळ्या १ जूनला दिल्या तर त्या ३० जूनला संपतात, मग कागदावर तारीख काहीही असो. त्यात किती दिवसांची सवलत धरायची हे डॉक्टरांबरोबर बसून आकडे बघायच्या आधी ठरवा. स्किझोफ्रेनियासाठी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या फ्लुफेनॅझिनच्या इंजेक्शनला वेगळी सवलत, गोळ्यांना वेगळी. आणि ‘माहीत नाही’ असा एक स्वतंत्र रकाना ठेवा, तो भरून टाकायचा मोह आवरा. उदाहरणादाखल समजा, शंभर जण यायचे होते. साठ आले, पंधरा दुसरीकडे उपचार घेताहेत हे फोनवर कळलं, पाच जणांनी सोडलं, वीस जणांचा पत्ता नाही. तर उपचार चालू असलेल्यांचं प्रमाण ७५ ते ९५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ‘नक्की एक आकडा सांगा’ असं वरून आलं तरी दोन्ही टोकं लिहा. वरचे चिडतात. चिडू द्यात. पुढच्या महिन्यात ते वीस जण शोधायला माणूस मिळतो, हा माझा अनुभव आहे.

हे एवढं ताणून सांगतेय कारण याच्या पोटात आणखी एक फसवणूक आहे. दहा रुग्ण घ्या. पाच जणांचा पीएचक्यू-९ स्कोअर १२, पाच जणांचा २०. सरासरी १६. आता २० वाले पाचही जण यायचे थांबले, आणि उरलेल्या पाचांत कणाचाही फरक नाही. पुढची सरासरी १२. आलेख सुंदर खाली उतरतो, टाळ्या पडतात, आणि प्रत्यक्षात सुधारलं कुणीच नाही. जास्त आजारी असलेलेच गळाले. म्हणजे सेवा जितकी खराब, तितका आलेख देखणा. म्हणून स्कोअर नेहमी त्याच माणसाचा आधीचा आणि नंतरचा असा जोडीनं बघा, आणि शेजारी किती जणांचा नंतरचा स्कोअर मिळालाच नाही ते लिहा. निम्म्यानं उतरला तर प्रतिसाद आणि पाचाखाली आला तर आजार ओसरला, हे निकष ठरलेलेच आहेत. ते वापरा, स्वतःचे शोधू नका.

स्कोअर कुणी विचारून घेतला हेही नोंदवा. नवरा शेजारी बसलेला असताना बाई सगळ्याला ‘तसं काही नाही’ म्हणते. आमच्याकडे पुष्कळ लोक उदास वाटतं म्हणत नाहीत, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, हातापायांची आग होते म्हणतात. आणि नववा प्रश्न, जीव नकोसा वाटण्याबद्दलचा, तो डेटा नाहीच. तिथं शून्याच्या वर काहीही आलं तर त्याच क्षणी डॉक्टरांपर्यंत जायचं. महिनाअखेरीस एक्सेल भरताना तो तुम्हाला पहिल्यांदा दिसत असेल, तर तुमची सगळी व्यवस्था कुचकामी आहे. इथं मी गोड बोलणार नाही.

गोपनीयतेबद्दलही नाही. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ च्या कलम २३ नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, हे सगळे प्रशिक्षणात ऐकतात आणि संध्याकाळी यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. नाव काढलं म्हणजे झालं असंही समजू नका. गगनबावडा हा जिल्ह्यातला सगळ्यात कमी लोकसंख्येचा तालुका. तिथल्या एखाद्या वाडीचं नाव, वय २३, स्त्री आणि निदान एवढं एका ओळीत लिहिलंत की गावाला माणूस कळला, आणि त्या मुलीचं लग्न अडलं. लहान आकडे गावाऐवजी तालुक्याला जोडा, वय गटात लिहा. केसपेपरमधला मजकूर सारांश करायला कुठल्याही चॅटबॉटमध्ये चिकटवू नका. हा शॉर्टकट हल्ली फार बोकाळलाय.

फोन करायचा झाला तर त्याहून जपून. फोन सासू उचलते. ‘मानसोपचार विभागातून बोलतेय’ हे वाक्य कधीच उच्चारायचं नाही. स्वतःचं नाव सांगायचं, ताई आहेत का विचारायचं, नसतील तर पुन्हा करते म्हणून ठेवायचा. पहिल्या भेटीतच रुग्णाला विचारून केसपेपरवर लिहून घ्या: कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि घरात कुणाला सांगितलं तर चालेल.

गुरूंबद्दल विचाराल तर माझं मत जरा तिरकं आहे. लिंक्डइनवर ‘हेल्थ डेटा मेंटॉर’ म्हणवणारे पुष्कळ आहेत, त्यातल्या किती जणांनी औषधाच्या खिडकीसमोरची रांग बघितलीय कुणास ठाऊक. मला शिकवलं ते रजिस्टर लिहिणाऱ्या सिस्टरांनी आणि फार्मासिस्टनी. ‘टी’ म्हणजे ट्रान्सफर, लाल टिंब म्हणजे नातेवाईक आला होता, हे कुठल्याही कोडबुकात नाही, सिस्टरांच्या डोक्यात आहे. त्या निवृत्त होण्याआधी लिहून घ्या. पेपरवर तुमचं नाव चौथं टाकतो म्हणून रात्रभर डेटा साफ करून घेणारे सरही भेटतील. एकदा करा, शिकायला मिळतं. दुसऱ्यांदा नाही म्हणा.

फार्मासिस्टवरून आठवलं, तुमच्या हातात सगळ्यात उपयोगी पडेल असं रजिस्टर बहुधा औषधसाठ्याचं असेल. त्यात रुग्णाचं नाव नाही, गोपनीयतेची कटकट नाही. कुठलं औषध कुठल्या तारखांना शिल्लक नव्हतं ते काढा आणि भेटींच्या नोंदीशेजारी ठेवा. ‘रुग्ण गोळ्या नीट घेत नाहीत’ या तक्रारीचं बरंचसं उत्तर तिथं सापडतं. दोनदा ‘बाहेरून घ्या’ ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा एसटीचं भाडं कशाला घालेल? तसंच लिथियम. ज्यांना ते चालू आहे, त्यांतल्या किती जणांची गेल्या सहा महिन्यांत रक्तातली पातळी, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची तपासणी) तपासलंय, एवढा एकच आकडा काढा. लहान आहे, सरळ आहे, आणि कमी निघाला तर काय करायचं हे सगळ्यांना लगेच कळतं. वॉर्डातून घरी गेलेल्या रुग्णाशी सात दिवसांत कुणी बोललं का, हाही तसाच. असे दोन-तीन आकडे दर महिन्याला कागदावर हातानं काढलेल्या आलेखात मांडा. डॅशबोर्ड नंतर. माझ्या मते डॅशबोर्डची घाई झालेल्या बहुतेकांना प्रश्नच ठरवता आलेला नसतो.

हे सगळं वाचून घाबरला असाल तर सांगते, याला गणित फार लागत नाही. टक्केवारी, तारखांची वजाबाकी आणि चिकाटी एवढ्यावर बरंच निभतं. अवघड वेगळंच आहे. दिवसभर केसपेपर वाचून घरी गेल्यावर जेवण जात नाही असे दिवस येतात, आणि आपण तर फक्त नोंदी करतोय, आपल्याला कसलं दुखणं, असं वाटून माणूस गप्प बसतो. गप्प बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर आणखी काही विचारा. डेटा कुणाच्या ताब्यात राहणार? एथिक्स कमिटीची मंजुरी कोण घेणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, न आलेल्यांची यादी मी दिली तर तिच्यावर फोन कोण करणार? ‘बघू’ असं उत्तर आलं तर समजा, तुम्हाला अहवालापुरतंच घेताहेत. ‘तुम्हीच’ असं आलं तर आधी प्रशिक्षण मागा, अडचणीत कुठल्या डॉक्टरांना लगेच गाठायचं ते नाव लिहून घ्या, आणि फोन संस्थेचा मागा. स्वतःच्या नंबरवरून केलात तर रात्री अकराला उलटे फोन येतात.