बॅगा तोलल्या, फोनचं काय? अमेरिकेला निघताना या चुका टाळा

भाचा शिकायला निघाला, त्याच्या आदल्या रात्री कोथरूडच्या घरी बॅगा तीनदा तोलल्या. 23 किलोवर 400 ग्रॅम भरले, म्हणून गोड्या मसाल्याची पुडी बाहेर निघाली. फोनकडे कुणी पाहिलंच नाही. मी गॅलरी उघडली, तर सुप्रभातचे गुलाब, निवडणुकीतले आचरट मीम, आजीचा एक्स-रे आणि काकांचं पॅन कार्ड! निम्मं त्यानंही कधी बघितलेलं नव्हतं. फॅमिली ग्रुपवरून व्हॉट्सअ‍ॅपनं आपोआप उतरवलेलं. अमेरिकेत शिरताना तिकडचा अधिकारी फोनही तपासू शकतो, आणि त्याला मात्र ते भाच्याच्याच फोनमध्ये दिसणार.

तेव्हा ऑटो-डाउनलोड आधी बंद करा. चॅट अर्काइव्ह केली म्हणजे पुसली, असं नाही. आयफोनवर डिलीट केलेले फोटो 30 दिवसांपर्यंत वेगळ्या फोल्डरमध्ये पडून असतात. ही साफसफाई सहारला जाणाऱ्या कॅबमध्ये बसून होत नाही.

काही हुशार मंडळी फोन पार कोरा करून नेतात. कोऱ्या फोननंच शंका येते, आणि बँकेच्या ओटीपीची बोंब होते ती वेगळीच. लागेल तेवढंच ठेवा, बाकीचं क्लाउडवर टाकून त्या अ‍ॅपमधून लॉगआउट करा. अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या 2018 च्या नियमानुसार अधिकाऱ्याने फोनचं नेटवर्क बंद करून फोनमध्ये आहे तेवढंच पाहायचं असतं.

‘वॉरंट दाखवा’ म्हणून हुज्जत घालू नका. अटक झालेल्याचा फोन तपासायला पोलिसांना वॉरंट लागतं, हा तिथल्या सुप्रीम कोर्टाचा 2014 चा निकाल. सीमेवरच्या, म्हणजे विमानतळावरच्याही, साध्या तपासणीला तो अडवत नाही. पासवर्ड नाकारला म्हणून अमेरिकी नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, फोन मात्र ठेवून घेऊ शकतात. व्हिसावाल्याला परतही पाठवू शकतात. फोन ठेवून घेतलाच तर पावती मागून घ्या.

घाबरून जाण्याइतकं हे सर्रास घडत नाही. 2024 च्या आर्थिक वर्षात सुमारे 0.01 टक्के प्रवाशांची उपकरणं तपासली गेली. पण खोटं बोलण्याची चूक महागात पडते. व्हिसाच्या डीएस-160 अर्जात गेल्या 5 वर्षांतली सोशल मीडिया खाती विचारतात. तिथे एक लिहायचं आणि फोनमध्ये दुसरंच निघायचं, हे मीमपेक्षा वाईट.

हिंजवडीकरांनो, ऑफिसचा लॅपटॉप नेताना आधी कंपनीच्या आयटी विभागाला विचारा. त्यात क्लायंटचा डेटा असतो, आणि तो उघडून दाखवायचा की नाही हे तुम्ही परस्पर ठरवायचं नसतं.

बोटाचा ठसा आणि चेहऱ्याचं लॉक काढून मोठा पासकोड ठेवा, आणि तपासणीआधी फोन पूर्ण बंद करा. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची अमेरिकी इमिग्रेशन तपासणी अबुधाबीलाच होते, म्हणून तिथे रांगेत लागण्याआधीच बंद करा. विद्यापीठाचं आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठीचं प्रवेशपत्र) आणि राहायचा पत्ता कागदावर हाताशी असू द्या.