आवडत्या पात्राचा ड्रॅगन बनवताय? माझ्या या चुका टाळा

माझा पहिला फॅनड्रॅगन पुतणीने एका नजरेत निकालात काढला. "काका, ही भोपळ्यातली म्हातारी आहे की भाजीची हातगाडी?" केशरी अंग, हिरवे पंख, वर शाल, काठी, फुलं, पानं, जे मिळेल ते मी चढवलं होतं. तीन आठवडे खपून.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. फ्लाइट रायझिंग हा 2013 पासून ब्राउझरवर चालणारा ड्रॅगन पाळायचा खेळ. गोष्टीतल्या एखाद्या पात्रावरून बेतलेला ड्रॅगन म्हणजे फॅनड्रॅगन. प्रत्येक ड्रॅगनला तीन रंग असतात: एक अंगाला, एक पंखांना आणि तिसरा पोट, भेगा, धूर अशा वरच्या कामाला. रंगचक्रात रंग आहेत 177. घोळ इथूनच सुरू होतो.

कपड्यांपासून सुरुवात

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. जात स्क्रोलने, म्हणजे खेळात मिळणाऱ्या एकदाच वापरायच्या वस्तूने, बदलते, अंगावरची नक्षी म्हणजे जीनही स्क्रोलने बदलतात, कपडे तर कधीही काढा-घाला. पण डोळ्यांचा रंग ठरतो तो ड्रॅगन कोणत्या मूलतत्त्वाच्या घरट्यात जन्मला त्यावर, आणि ते तत्त्व पुढे बदलत नाही. अशी तत्त्वं 11. प्रत्येक खेळाडू एका तत्त्वाच्या गटात असतो. मी विजेच्या, त्यामुळे माझ्या घरट्यातलं प्रत्येक पिल्लू निळसर डोळे घेऊनच बाहेर येतं. म्हातारीला हवे होते मातीचे, तपकिरी डोळे. रंग जुळले, जात जुळली, आणि म्हातारी माझ्याकडे वेल्डिंगच्या ठिणगीसारखी बघतेय!

अंगाच्या रंगांचंही तेच. स्कॅटरस्क्रोल वापरला तर रंग बदलतात, पण कोणता निघेल ते नशीब. म्हणून आधी ऑक्शन हाऊसमध्ये, म्हणजे खेळातल्या बाजारात, हवे ते तीन रंग आणि हवे ते डोळे लावून शोधा. जात कुठलीही असो, जीन साधे असोत. असा ओबडधोबड ड्रॅगन बहुतेक वेळा स्वस्तात मिळतो. मग जात, मग जीन, आणि कपडे अगदी शेवटी.

सगळंच दाखवायचा हट्ट

आमचे वडील चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. चौकटीचा कागद, धारदार पेन्सिल, एकेक चौकट भरत जायची. मग त्या कागदावरून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं पडायची. जिथे भोक, तिथे धागा वर. रंग मोजकेच. लहानपणी मी विचारलं होतं, मोराच्या पिसाऱ्यात एवढे कमी डोळे का? ते म्हणाले, "चादर दोरीवर वाळत घातल्यावर रस्त्यावरून मोर दिसला पाहिजे. पिसं मोजायला कोण येतंय?"

लेअरच्या, म्हणजे तुमचे सगळे ड्रॅगन दिसतात त्या पानावर तुमचा ड्रॅगन नखाएवढा दिसतो. तिथे तो ओळखू येतो का, एवढंच बघा. पात्राच्या तीनच खुणा कागदावर लिहा. चौथी सुचली तर आधीच्या तिघींतली एक खोडा. म्हातारीच्या माझ्या तीन खुणा: भोपळ्याचा गोल आकार, तिचं पिकलेपण, आणि लेकीकडे तूपरोटी खाऊन आलेलं लठ्ठपण. मी आधी सडपातळ, वेटोळं घालणारा स्पायरल घेतला होता. का, तर वेटोळं गोल दिसतं! तो भोपळा नव्हे, जिलबी झाला. कासवासारखा अवजड स्नॅपर घेतल्यावर अर्धं काम तिथेच झालं. शाल काढली, फुलं काढली. काठी ठेवली.

चित्रातून रंग उचलणं

पुस्तकातल्या चित्रावर कलर पिकर लावला की सावलीतला रंग हाती येतो, पात्राचा नाही. त्यात मोबाइलवर रात्रीचा पिवळा फिल्टर चालू असला तर मग विचारूच नका. मी एप्रिलमध्ये दुपारी गच्चीच्या जिन्यात बसून रंग ठरवले होते. सोलापूरचं ऊन, स्क्रीन पूर्ण उजेडावर. संध्याकाळी घरात बघितलं तर केशरी म्हणून घेतलेला रंग चक्क विटकरी. फिल्टर बंद करा आणि दोन वेगळ्या स्क्रीनवर बघा. शिवाय चित्र काळं-पांढरं करून पाहा: अंग आणि पंख एकाच करड्या रंगात मिसळले तर एक रंग गडद किंवा फिका करा.

लांबचे आईबाप

स्वतः पिल्लू काढायचं असेल तर पिल्लाचा रंग आईबापांच्या रंगांमधल्या पट्ट्यातून येतो, चक्रावरच्या जवळच्या बाजूने. तिन्ही जागांचा हिशेब वेगळा. प्रत्येक पट्ट्यात 10 रंग असले तर तिन्ही हवे तेच येण्याची शक्यता हजारात एक. मित्र माझं सातवं घरटं बघून म्हणाला, "काय करूलालास बे, लॉटरी लावलीस काय?" ज्या रंगावर तडजोड नाही तो दोन्ही आईबापांना सारखाच घ्या. मग त्या जागी दुसरा रंग येतच नाही.

किरकोळ, पण रडवणाऱ्या

एन्शंट नावाच्या खास गटातल्या जातींचे जीन वेगळे असतात. साध्या जातीसाठी घेतलेला जीन-स्क्रोल त्यांना चालत नाही. खरेदीआधी स्क्राइंग वर्कशॉपमध्ये जात, रंग, जीन लावून फुकटात बघा. ड्रॅगनला कायमचा देवतेच्या सेवेत पाठवणारं 'एक्झाल्ट'चं बटण झोपेत दाबू नका, गेलेला ड्रॅगन परत येत नाही. आणि दुसऱ्याचा फॅनड्रॅगन आवडला तर त्याला विचारा, मग आपला वेगळा करा.

म्हातारी आता बरी दिसते. डोळे तपकिरी, चाल जड. पुतणीने "टुणूक टुणूक" म्हटलं, तेव्हा मी पान बंद केलं.

सध्या चिऊ-काऊची जोडी चालू आहे. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. सोलापुरी चादर उलटी केली की जमीन नक्षीच्या रंगाची होते आणि नक्षी जमिनीच्या, ती चाल इथे लावतोय: चिऊचं अंग मेणासारखं फिकं आणि पंख शेणकुटाचे, काऊचं बरोबर उलटं. काऊ मिळालाय. चिऊ ऑक्शनमध्ये दोनदा दिसली, दोन्ही वेळा डोळे लालभडक.