जुनी फोर बाय फोर घरी दुरुस्त करून उभी करताय? या चुका टाळा

महिंद्राची सीजे-३बी, एमएम ५४०, किंवा मारुतीने १९८५ साली आणलेली जिप्सी. ठाणे आणि नवी मुंबईत अशा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या, गाड्या अजून बऱ्याच आहेत, काही चालत्या, काही वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली. त्या हौसेने घेतल्या जातात, पण पैसे बहुतेक वेळा उलट्या क्रमाने खर्च होतात. आधी रंग आणि नवा टप, मग मोठे टायर, मग दिव्यांची पट्टी. ब्रेक आणि स्टिअरिंगची पाळी येते तोवर खिसा रिकामा झालेला असतो.

या गाड्यांचा प्रत्येक भाग दुसऱ्याच्या मापाने बनवलेला आहे. एक भाग दणकट केला की ताण त्याच्या पुढच्या भागावर जातो. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

कागद न बघता हात घालणे

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. म्हणून सौदा ठरवण्याआधी आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर गाडीवर स्वतः शोधा. जुन्या पेट्रोल जीपमध्ये मधल्या काळात कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेले असते आणि आरसीवर त्याचा पत्ता नसतो. अशी गाडी सुंदर तयार झाली तरी आरटीओत अडकते.

जीर्णोद्धार करायचा की सुधारणा, हेही आधीच ठरवा. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. १९७०च्या आसपासची सीजे-३बी हाती लागली असेल, तर तिच्यात नवे इंजिन टाकून तुम्ही तो दरवाजा कायमचा बंद करता. बाकीच्या गाड्यांनाही मोकळे रान नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्हींचा रोख एकच आहे: उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत. इंजिन बदलायचेच असेल तर परवानगी आधी घ्या आणि काम नंतर करा.

आणखी एक. ग्राइंडर मारताना किंवा लांबी (पुट्टी) भरताना चॅसिस नंबर झाकला जातो, कधी घासून पुसलाही जातो. आरटीओत त्याच नंबरचा पेन्सिल छाप लागतो. कामाला सुरुवात करण्यापूर्वी तिथे ग्रीस लावून वर टेप चिकटवा.

गंजावर रंग चढवणे

ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दोन्ही शहरे खाडीला लागून आहेत. इथल्या गाडीचा पत्रा बाहेरून जेवढा गंजलेला दिसतो, त्याहून जास्त तो आतून गेलेला असतो. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, बॉडी जिथे चॅसिसवर टेकते ते माउंट, मागचा आडवा मेंबर आणि फ्लोअरखालच्या दुमडी, या जागा आधी बघा. लहान हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, तो आत घुसला तर तो भाग कापावाच लागणार.

हे न करता खालून काळे डांबरी कोटिंग फासणे ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक. आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि वरून सगळे चकचकीत दिसते. विकायला आलेली गाडी खालून एकसारखी काळी कुळकुळीत दिसली तर खूश होऊ नका, टोचून बघा.

पावसाळ्यात पत्रा उघडा करू नका. जुलैत घासून पांढरा केलेला पत्रा सकाळपर्यंत तांबूस होतो. त्यावर प्रायमर मारला की वर्षभरात फोड येतात. पत्राकाम आणि रंग ऑक्टोबरनंतर काढा, आणि तेव्हाही त्या दिवशी जेवढ्या भागावर इपॉक्सी प्रायमर मारून होईल तेवढाच भाग घासा. पावसाचे महिने इंजिन, गिअर बॉक्स आणि वायरिंगला द्या.

वेल्डिंगबद्दल कळकळीने सांगतो: रिकामी पेट्रोलची टाकी वेल्ड करू नका, गाडीवर असताना तर नाहीच. टाकीत पेट्रोल नसले तरी वाफ असते आणि स्फोट वाफेचाच होतो. वेल्डिंगआधी टाकी उतरवून लांब ठेवा, बॅटरी सोडवा, अग्निशामक हाताशी ठेवा. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, जिथे वर माणसे राहतात, हे काम होऊच नये. वागळे इस्टेट, रबाळे किंवा कळंबोलीच्या बाजूला एखादी शेड भाड्याने घ्या किंवा चॅसिस फॅब्रिकेटरकडे न्या. घरी करण्याजोगे काम तसेही भरपूर उरते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा.

बंद पडलेले इंजिन घाईने फिरवणे

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी जोडून स्टार्टर मारणे, किंवा गिअरमध्ये टाकून ओढणे, हा मोह आवरा. पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटल्या असतील तर रिंग तुटते किंवा लायनरवर ओरखडा उठतो. पेट्रोल इंजिनाचे प्लग, डिझेलचे इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या नटावर पाना लावून हाताने हलवा. दोन्ही दिशांना थोडे थोडे. सुटले नाही तर हेड उतरवा, जोर लावू नका.

इंजिन चालू झाले आणि तापायला लागले की पुष्कळ मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकतात. मग इंजिन धड गरम होत नाही, ऑइलमध्ये इंधन मिसळते, झीज वाढते, आणि तापण्याचे मूळ कारण तसेच राहते. ते बहुधा गाळाने भरलेल्या रेडिएटरमध्ये, फॅनच्या सैल पट्ट्यात किंवा प्रेशर न धरणाऱ्या रेडिएटरच्या झाकणात असते. झाकण सर्वांत स्वस्त, म्हणून तिथून सुरुवात करा. नळाच्या पाण्याऐवजी कूलंट वापरा.

आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचे) पेट्रोल मिळते. जुने रबरी पाइप, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग त्यातल्या इथेनॉलने मऊ पडतात, चिरतात. ते सगळे इथेनॉल चालणाऱ्या रबराचे बसवा. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते, तेव्हा पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

थरथरणाऱ्या स्टिअरिंगला डॅम्पर लावणे

पाम बीच रोडवर पन्नासच्या वेगात चाक एका खड्ड्यातून गेले आणि स्टिअरिंग हातातून सुटेल इतके हलू लागले, ही तक्रार जवळपास प्रत्येक जुन्या जीपवाल्याची असते. लोक डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगची थरथर दाबणारा शॉक ॲब्सॉर्बर, लावतात. थरथर काही महिने दबते, दोष वाढत राहतो.

खरे कारण शोधायला दोन माणसे लागतात. गाडी जमिनीवर उभी, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे हलवत राहायचे, दुसऱ्याने खाली बसून एकेका जोडाकडे पाहायचे. टाय रॉडचे (पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) टोक आधी हलते आणि चाक उशिरा, असे दिसले तर ते टोक गेले. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलाई) आला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले ब्रेक दाबल्यावर गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिनची (चाक ज्या खिळीवर वळते तिची) बेअरिंग किंवा तिचे शिम (पातळ चकत्या) बघा. त्यानंतर शॅकलचे (स्प्रिंग लटकवणाऱ्या कड्यांचे) बुश, पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट, टायरची हवा आणि बॅलन्सिंग. स्टिअरिंग बॉक्स सगळ्यात शेवटी. लोक नेमके उलटे करतात, बॉक्सचा स्क्रू आवळतात. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही आणि आतले भाग झिजतात.

गाडी उंच केली असेल तर पुढच्या ॲक्सलचा कास्टर कोन (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) बदललेला असू शकतो. तो कमी झाला की नवे भाग टाकूनही गाडी सरळ धावत नाही. उंचीमुळे ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचाही कोन वाढतो आणि त्याचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर जातात.

मोठे टायर, जुने ब्रेक

सीजे-३बीचा मूळ ६.००-१६ टायर साधारण २८ ते २९ इंच उंच असतो. ३१ इंची लावला तर स्पीडोमीटर ६० दाखवताना गाडी ६५च्या आसपास असते. त्याच वेळी ब्रेकला जास्त मेहनत पडते, आणि या जीपला चारही चाकांना ड्रम आहेत, पेडल हलके करणारा बूस्टर नाही, ब्रेकची लाइन एकच. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून पैसे आधी दोन सर्किटच्या (एक लाइन फुटली तरी दुसरी चालणाऱ्या) मास्टर सिलिंडरवर आणि नव्या पाइपांवर खर्च करा. मास्टरचा बोअर चाकांच्या सिलिंडरशी जुळणारा हवा, नाहीतर पेडल एकतर दगडासारखे घट्ट होते किंवा तळाला जाते. एकच चाक धरून ठेवत असेल, तर शू बदलण्याआधी त्याचा रबरी होज बदलून पाहा. होज आतून सुजला की ऑइल जाते, परत येत नाही.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

जुन्या विलीज घराण्याच्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. सवयीने सोडवायला गेलात तर स्टड तुटतो.

फोर व्हील डांबरी रस्त्यावर लावणे

या गाड्यांत पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांच्या वेगातला फरक सांभाळणारी यंत्रणा, नाही. वळताना पुढची चाके जास्त अंतर कापतात. मातीत टायर घसरून तो फरक भरून काढतो, कोरड्या डांबरावर घसरत नाही, आणि सगळा पीळ ट्रान्स्फर केसमध्ये (ताकद दोन्ही ॲक्सलना वाटणाऱ्या डब्यात) आणि शाफ्टमध्ये साठतो. फोर व्हीलचा लिव्हर अडकतो. तो ओढत बसू नका, गाडी दोन-चार फूट सरळ मागे घ्या, पीळ सुटतो.

पीळ नेहमीच साठत असेल तर चारही टायर एका मापाचे आहेत ना ते आधी बघा. मग ॲक्सल. भंगारातून आणलेला पुढचा ॲक्सल वेगळ्या रेशोचा निघण्याचे प्रकार होतात. एका ॲक्सलची दोन्ही चाके उचला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, शाफ्टवर खडूची खूण करा. दोन्ही चाके एकाच दिशेने एक पूर्ण फेरी फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पुढचा आणि मागचा आकडा जुळला पाहिजे.

ऑइलमध्येही गफलत होते. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल लागते, पण तेच जुन्या गिअर बॉक्समध्ये ओतले तर त्यातले घटक गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना खाऊ शकतात. तिथे जीएल-४ घाला.

रंगानंतर अर्थिंग विसरणे

डावा इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद होतो, हॉर्न वाजवला की वायपर थांबतो. नवा हार्नेस टाकूनही असे झाले तर दोष बहुधा रंगात असतो. बॉडी, चॅसिस आणि इंजिन यांच्यामधल्या अर्थिंगच्या (वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या) जागा नव्या रंगाने झाकल्या जातात आणि रंग वीज जाऊ देत नाही. दिवा लावा, मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या बॉडीला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा बरेच जास्त दाखवत असेल तर ती जागा धातूपर्यंत घासा, जाड पट्टी लावा, वरून ग्रीस फासा.

पहिली चाचणी घाटात नको आणि येऊरच्या जंगलात तर मुळीच नको, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सकाळी लवकर, एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर थोडे अंतर चालवा. थांबून चारही हबला हात लावा. एखादे बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथे बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक धरतोय. मग चाकांचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाटे बसतात तसे यू-बोल्ट सैल होतात, तेव्हा शंभरेक किलोमीटरनंतर एकदा आणि पहिल्या पावसाआधी पुन्हा एकदा तपासा.