टेलव्हील विमान शिकायचंय? आधी पाय जागे करा

पायलट व्हायचं ठरवलेली मुंबईतली मुलं-मुली मला भेटली की खर्च किती, एअरलाइनची नोकरी कधी लागेल, हेच विचारतात. टेलव्हीलबद्दल क्वचितच कुणी विचारतं. म्हणून आज त्याबद्दलच लिहिते. माझ्या हाताला, खरं तर पायाला, जे काही वळण लागलं ते याच छोट्या विमानामुळे.

दोन मोठी चाकं पुढे आणि एक छोटंसं चाक शेपटीखाली, अशी याची घडण. जमिनीवर उभं असताना नाक वर आकाशाकडे असतं. मुंबईला हे ध्यान नवीन नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमान असंच शेपूट टेकवून बसणारं होतं. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथमधून. तेही याच घडणीचं. पुढे एचएएल या सरकारी विमान कंपनीने फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक हे छोटं विमान बनवलं, १९५८ साली ते पहिल्यांदा उडालं आणि आपल्याकडची एक अख्खी पिढी त्यावर शिकली. आता जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरं दिसतात. शिकायला धुळे नाहीतर बारामती गाठावी लागते आणि तिथे विमानं मिळतात ती सहसा नाकाखाली चाक असलेली.

मीही धुळ्यात तशाच सेस्नावर शिकले. आमचे एक वयस्कर सर स्वतः पुष्पकवर घडलेले. लँडिंगनंतर विमान मध्यरेषेवरून जरा जरी सरकलं की त्यांचा आवाज हेडसेटमध्ये यायचा, "पाय झोपलेत का गं?" कारण नाक डावं-उजवं वळवणारा शेपटीवरचा रडर पायाखालच्या पेडलांनीच चालतो. सेस्ना माफ करायची, सर करायचे नाहीत. लायसन्स झाल्यावर अमेरिकेत सुपर कब या टेलव्हील विमानावर शिकायला गेले तेव्हा सर इतके का मागे लागायचे ते कळलं.

कारण साधं आहे. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. विमान थोडं तिरकं झालं तरी वजनच त्याला सरळ ओढतं. टेलव्हीलमध्ये गुरुत्वमध्य चाकांच्या मागे. हातगाडी पुढून ओढली तर निमूट मागे येते, मागून ढकलली तर एकदा तोंड वळलं की वळतच जातं, तसंच हे. नाक जरा डावीकडे गेलं आणि तुम्ही बघत बसलात, तर शेपूट पुढे यायला धावते आणि विमान जागच्या जागी गिरकी घेतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी चाकाचा पायही मोडतो.

म्हणून पहिला धडा हवेत नसतोच, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना असतो. समोर नाक आडवं, टॅक्सीवे दिसत नाही, त्यामुळे नागमोडी जायचं आणि बाजूच्या खिडकीतून पुढचं बघायचं. वारा समोरून असेल तर स्टिक, म्हणजे हातातला कंट्रोलचा दांडा, पोटाशी आणि वाऱ्याच्या बाजूला. वारा मागून असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्यापासून दूर. हे पाठ करून भागत नाही. टॅक्सीवेवर प्रत्येक वळणाला वाऱ्याची दिशा बदलते आणि तुमचा हातही बदलायला हवा. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, बघायची सवय इथे लागते ती कायमची.

टेक-ऑफला पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे ओढतं. शेपूट खाली असताना प्रोपेलर मागे कललेला असतो, त्यामुळे खाली येणारं उजवं पातं जास्त खेचतं. मग स्टिक पुढे करून शेपूट उचलली की फिरत्या प्रोपेलरच्या जायरोस्कोपिक परिणामाने नाक पुन्हा एक झटका डावीकडे मारतं. उजवा रडर लागतो, पण दाबून धरलेला नाही. छोटे छोटे, सतत, दोन्ही पायांनी. नजर धावपट्टीच्या पार टोकाला ठेवा. नाकाजवळ बघत राहिलात तर विमान वळलेलं उशिरा कळतं, आणि इथे उशीर परवडत नाही.

लँडिंग दोन तऱ्हेचं. थ्री-पॉइंटमध्ये धावपट्टीच्या अगदी लगत विमान तरंगत ठेवायचं, वेग उतरेल तशी स्टिक मागे, आणखी मागे, आणि ते स्टॉलच्या काठावर, म्हणजे पंख आता उचलून धरणार नाहीत अशा वेगावर आलं की तिन्ही चाकं एकदम टेकतात. शेवटच्या क्षणी समोर फक्त इंजिनाचं झाकण दिसतं. उंचीचा अंदाज धावपट्टीच्या दोन्ही कडांवरून घ्यायचा. व्हील लँडिंगमध्ये वेग थोडा जास्त, शेपूट वर, आधी फक्त पुढची चाकं. टेकल्या टेकल्या स्टिक किंचित पुढे द्यायची. सेस्नावरून आलेल्याचा हात नेमका याच क्षणी मागे जातो. मग शेपूट खाली पडते, पंखांचा कोन वाढतो आणि विमान परत हवेत उडी मारतं. अशी उडी मोठी असेल तर सावरत बसू नका. पूर्ण पॉवर द्या, गो-अराउंड करा, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चढा, आणि परत या. यात कमीपणा काही नाही.

खरी परीक्षा आडव्या वाऱ्याची. जुहूची ०८/२६ धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे समुद्रावरचा वारा तिथे जवळजवळ नाकावर मिळतो. सगळीकडे असं नशीब नसतं. वाऱ्याकडचा पंख खाली, उलट्या पायाने नाक सरळ, आणि वाऱ्याकडचं एकच चाक आधी टेकवायचं. टेकल्यावर वेग कमी होतो तसा रडरचा जोर ओसरतो. म्हणजे विमान हळू होतं तेव्हाच ते जास्त हाताबाहेर जाऊ शकतं. चाकं पूर्ण थांबेपर्यंत लँडिंग चालूच आहे असं समजा. शक्य असेल तर सुरुवात गवताच्या धावपट्टीवर करा, गवतावर चाक थोडं घसरतं आणि चूक खपून जाते. डांबर ती पकडून ठेवतं.

आता व्यवहाराचं. मुळातच सुरुवात करत असाल तर आधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) क्लास २ मेडिकल, बारावीला फिजिक्स-मॅथ्स, आणि मग फी. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, उड्डाणाचे २०० तास लागतात. घरचं कर्ज त्यासाठीच असेल तर टेलव्हील थांबू द्या. पण सीपीएल झाल्यावर एअरलाइनच्या बोलावण्याची वाट बघत वर्ष काढणारे खूप आहेत, त्यांनी याचा जरूर विचार करावा. अमेरिकेत यासाठी वेगळी परीक्षा नसते. साधे आणि आडव्या वाऱ्यातले टेक-ऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग आणि गो-अराउंड समाधानकारक झाले की इन्स्ट्रक्टर लॉगबुकात सही करतो. सरावलेल्या पायलटला साधारण ५ ते १० तास पुरतात, पण तासांवर बोली करू नका. वारा नसलेल्या आठवड्यात मिळालेली सही फारशी कामाची नाही.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. सही झाल्यावर विमान एकट्याला उडवायला देणार का? बऱ्याच ठिकाणी विम्याच्या अटींमुळे देत नाहीत. आणि अमेरिकेत एकट्याने उडवायचं असेल तर भारतीय लायसन्सची पडताळणी आधी लागते, तिला वेळ लागतो. तिकीट काढण्यापूर्वीच तो अर्ज टाका.